किरकोळचा रकाना

एका दुपारी मागच्या महिन्याच्या जमाखर्चाची बेरीज करत बसले असताना असे लक्षात आले की, घराचा हप्ता सोडला तर आमच्या कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च कोणाच्याच नावावर नाही. वीज, औषधे, मुलांचे शिक्षण, प्रवास हे रकाने आपापल्या जागी व्यवस्थित होते. वहीच्या शिलाईला लागून, जेमतेम दोन बोटे रुंदीचा जो ‘किरकोळ’ नावाचा रकाना मी आखते, त्याने मात्र या सगळ्यांना मागे टाकले होते. घरात चौकशी केली तेव्हा आपला त्यातला वाटा अगदीच नाममात्र असल्याचे प्रत्येकाने सांगितले, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचे म्हणणे खरेही होते. किरकोळ खर्चात अशी एकही नोंद नसते की जिच्याकडे बोट दाखवून भांडता यावे. भांडायचेच तर ते बेरजेशी भांडावे लागते आणि बेरीज उलट उत्तर देत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे सांगणाऱ्यांनी एकट्याने निजणाऱ्या माणसाचाच विचार केलेला दिसतो. कुटुंबात अंथरूण एक आणि पाय अनेक असतात, शिवाय प्रत्येकाच्या मनातील अंथरुणाची लांबी वेगळी असते. ज्याच्या हातात पगार येतो त्याला ते आखूड वाटते, ज्याला काही मागायचे असते त्याला ते भरपूर लांब दिसते, आणि ज्याने ते अंथरूणच गहाण टाकलेले असते तो या विषयावर बोलत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन वह्या होत्या. पहिली आईची. ती लांबट आणि कापडी बांधणीची होती, आणि तिच्या कण्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली असे, कारण मोकळी पेन्सिल घरात टिकत नसे. रात्री सगळे आवरल्यावर वही उघडली जाई आणि दिवसभरात ज्याच्या हातून पैसे गेले असतील त्याला टेबलाशी यावे लागे. बाबा खिसा पालथा करून सुटी नाणी मांडत, आई हातातली रक्कम मोजून आदल्या रात्रीच्या शिलकेशी ताडून पाही, आणि ताळा जमला नाही की सगळ्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा सुरू होई. फरक बहुधा क्षुल्लक असे. तो सोडून दिल्याने कोणाचे काही बिघडले नसते. आई मात्र सोडत नसे. अगदीच नाइलाज झाला तर ती ‘विसर’ असे लिहून आकडा टाकी, पण ते अक्षर इतर नोंदींपेक्षा बारीक आणि पेन्सिल दाबून काढलेले असे, आणि महिनाअखेरीस सगळे विसर वेगळे काढून त्यांचीही बेरीज होई. किती विसरलो हे ठाऊक असणे तिला आवश्यक वाटत असावे.

दुसरी वही बाबांची होती. ती खिशात मावण्याएवढी लहान असून कपाटाच्या कुलूपबंद खणात राहत असे. तिच्यात कर्जे होती. अशी वही आहे, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक होते. तिच्यात काय लिहिले आहे हे आईलाही ठाऊक नव्हते. बाबांच्या मनात त्यामागे कसलेही कपट नव्हते. घरातल्यांच्या जिवाला उगाच घोर कशाला, असा त्यांचा साधा विचार होता, आणि अशा विचाराची माणसे मी पुढे इतक्या घरांत पाहिली आहेत की त्याला दोष देण्याचे धाडस होत नाही. परिणाम मात्र विचित्र होता. आई एका वहीत पै न् पै राखत होती, आणि तिने महिनाभर हात आखडून वाचवलेली रक्कम दुसऱ्या वहीतले व्याज पहिल्या काही दिवसांतच खाऊन टाकत होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या या दोन वह्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

एका रात्री ताळा बिनबोभाट जमला, तेव्हा वही मिटण्याऐवजी आई म्हणाली, “अहो, आता तुमचीही आणा.”

बाबांनी आमच्याकडे पाहिले. “मुलं झोपू देत आधी.”

“असू द्या त्यांना. खर्च तेही करतातच की.”

बाबांनी चष्मा काढून पुसला, खण उघडला आणि त्या लहान वहीतले आकडे एकामागून एक वाचून दाखवले. आईने मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळे आकडे तिने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले, बेरीज केली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मग विचारले, “यातलं सर्वांत महाग कोणतं?” सर्वांत मोठे कोणते, असे तिने विचारले नाही.

त्यानंतर ते शेवटचे पान दर महिन्याला मोठ्याने वाचले जाऊ लागले. धाकट्या भावाने ही जबाबदारी अतिशय गांभीर्याने घेतली आणि तो माणसे खाली बसलेली असतानाच डोक्यावरचे दिवे मालवत फिरू लागला. कर्जफेडीची योजना म्हणून माझी सायकल विकून टाकावी, असा प्रस्तावही त्याने मांडला. स्वतःच्या खेळांच्या साहित्याविषयी तो काही बोलला नाही. काटकसरीची सर्वोत्तम कल्पना नेहमी दुसऱ्याच्या सामानावर नजर ठेवून सुचते, हे मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

कर्जाचा महागपणा डोळ्यांना दिसत नाही, हीच त्यातली खरी अडचण आहे. दरमहा ३ टक्के हा आकडा ऐकायला फारच सोज्वळ वाटतो. पण त्या दराने चढत गेलेली आणि हात न लावलेली रक्कम २४ महिन्यांत दुप्पट होते. वर्षाचा व्याजदर ७२ या संख्येखाली घालून भागाकार केला की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते, ही जुनी युक्ती बचतीच्या संदर्भात हौसेने सांगितली जाते. तीच कर्जाला लावून पाहण्याची हौस फारशी कोणाला नसते. क्रेडिट कार्डाच्या देयकावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘किमान देय रकमे’वर तर माझा इतका राग आहे की ते देयक हाती आले की मी कागदाचा तेवढा भाग आधी दुमडून टाकते. समजा, व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे. तर भरलेल्या दर पाचांतले जवळजवळ तीन व्याजातच जातात, आणि नवी खरेदी पूर्ण थांबवली तरी थकबाकी निम्मी व्हायला पावणेतीन वर्षांच्या आसपास काळ जातो. नवी खरेदी थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मागची बाकी उरलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत बहुधा मिळत नाही आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते, ही गोष्ट त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत असते.

घराच्या कर्जाचे वागणे त्या मानाने सभ्य असते, पण तेही अंकगणितात फार सावकाश चालते. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजाचा असतो, आणि मुद्दल निम्मे फिटायला जवळजवळ १४ वर्षे लागतात. म्हणजे अर्धे कर्ज फिटेपर्यंत हट्टाने दिवे मालवणारा मुलगा दिवे मालवायला सांगणारा बाप झालेला असू शकतो. हेच कर्ज दरवर्षी एक जादा हप्ता भरल्यास सुमारे साडेतीन वर्षे आधी संपते. मात्र तो जादा हप्ता आणायचा कुठून हे विचारले की पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्या दोन बोटे रुंदीच्या रकान्याकडे वळतात.

रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे माणसे मनातल्या मनात पैशांचे निरनिराळे कप्पे कसे करतात या त्यांच्या अभ्यासाचाही वाटा होता. एका कप्प्यात कमी व्याजाची ठेव प्राणपणाने जपायची आणि दुसऱ्या कप्प्यात तिच्या कितीतरी पट व्याज भरत राहायचे, असा व्यवहार शहाणीसुरती माणसे करतात. माझ्या आईबाबांनी हे कप्पे मनात ठेवले नव्हते, त्यांच्या चक्क दोन वह्या होत्या, एवढाच काय तो फरक. ठेव मोडून महाग कर्ज फेडावे, असे गणित सांगते. गंगाजळी मोडायला हात धजत नाही, हेही मला समजते, आणि अडीनडीपुरते काही बाजूला ठेवून उरलेली ठेव मोडावी, या मध्यममार्गावर आमच्या घरात कसेबसे एकमत झालेले आहे.

नोटा मोजून देताना जो एक बारीक चिमटा बसतो, तो कार्ड पुढे करताना बसत नाही, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. अमेरिकेतील द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली मागवल्या होत्या; ज्यांना कार्डाने पैसे भरायचे होते त्यांनी रोख भरणाऱ्यांच्या सरासरी जवळजवळ दुप्पट बोली लावली. तिकिटे तीच, सामना तोच आणि खिसाही शेवटी स्वतःचाच. तेव्हापासून आता पैसे देण्याची क्रिया इतकी सोपी झाली आहे की, आमच्या मुलांना खर्च झाल्याचे कळते ते फोनवर आलेल्या संदेशावरून. फोन महिनाअखेरीस रंगीत वर्तुळे काढून खर्चाची वाटणीही दाखवतो. मला ती वर्तुळे पटत नाहीत. त्यांत कर्जसुद्धा देखणे दिसते, आणि खर्च हाताने लिहिताना बोटाला जी लाज वाटते तिची जागा रंग घेऊ शकत नाहीत. जपानमधील पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची आखीव वही काढली आणि तशा वह्या तिथे अजूनही विकल्या जातात, हे वाचल्यावर मला माझ्या हटवादीपणाला पाठबळ मिळाल्यासारखे वाटले होते.

तर आमच्याकडे आता महिन्यातून एकदा सगळ्यांनी टेबलाशी बसायचे असते. कर्जाचे पान आधी वाचले जाते, खर्चाचे नंतर. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे, कारण कर्ज शेवटी आले की सगळे दमलेले असतात आणि त्याची बोळवण होते. प्रत्येकाला, मुलांनाही, एक लहानशी रक्कम बिनहिशेबी मिळते आणि तिचे काय केले हे कोणी विचारायचे नाही, असा नियम आहे. नियम केला तेव्हा घरातल्या हिशेबी माणसाला, म्हणजे मला, तो अजिबात रुचला नव्हता. पण किरकोळचा फुगवटा त्यानेच थोडा उतरला, कारण स्वतःच्या पैशांतून विकत घ्यायची वेळ आली की पुष्कळ वस्तूंची निकड तिथल्या तिथे संपते. भांडणे होतात. यजमानांच्या मते सर्वांत लहान कर्ज आधी फेडून टाकावे, म्हणजे एक तरी ओळ खोडता येते आणि हुरूप येतो. माझ्या मते सर्वांत महाग आधी, कारण अंकगणिताला हुरुपाची गरज नसते. त्यावर ते म्हणतात, “फेडायचं माणसांनी असतं, अंकगणिताने नव्हे,” आणि मी वही पुढे ओढते. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. धाकटीने मध्यंतरी विचारले की आपण गरीब आहोत का. तिला शेवटचे पान दाखवले, कोणती ओळ कधी संपेल ते सांगितले, आणि तिचा पुढचा प्रश्न त्या तारखेला सुट्टी असेल का, हा होता.

मुलांसमोर हे सारे वाचू नये, असे आमच्या ओळखीतल्या अनेकांचे मत आहे आणि ते मायेपोटीच असते. मला मात्र अशा वेळी हम्मुराबीचा कायदा आठवतो. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या त्या बॅबिलोनी राजाच्या कायद्यात एक कलम मोठे दयाळू आहे: पुराने किंवा अवर्षणाने पीक बुडाले तर ऋणकोने त्या वर्षी धान्य देऊ नये आणि व्याजही भरू नये. आणखी एक कलम आहे. एखाद्यावर कर्ज फेडण्याची जबाबदारी येऊन पडली आणि त्यापायी त्याने बायकोला, मुलाला किंवा मुलीला धनकोच्या घरी राबायला दिले, तर त्यांनी तिथे ३ वर्षे काम करावे आणि चौथ्या वर्षी त्यांना मोकळे करावे. कर्ज एकाने काढायचे आणि फेडायचे मात्र घरातल्या सर्वांनी, ही रीत इतकी जुनी आहे. त्या घरातल्या मुलीला आपण नेमक्या किती रकमेसाठी राबत आहोत हे कोणी सांगितले होते की नाही, याविषयी त्या शिळेवर काहीही कोरलेले नाही.