इन्व्हर्टर घ्यायला गेले आणि आधारवर अडले

इन्व्हर्टर घेताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल, तर आधार कार्ड न देण्यात. कोणती बॅटरी, किती क्षमतेची, हे चहा संपायच्या आत ठरलं होतं. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं इतकी जवळ असून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, आमची लाईन जाते ती जातेच. 45 अंशांत कूलर थांबला की सासूबाईंचा जीव कासावीस होतो. म्हणून यंदा मे लागायच्या आधी हे काम उरकायचं होतं.

काउंटरवरचा पोरगा बिल करता करता म्हणाला, "काकू, आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या. वॉरंटीले लागते."

"बँकेत खातं उघडून राहिली का मी?"

"काहून टेन्शन घेता? सगळेच देतात."

सगळेच देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बॅटरीच्या ट्रॉलीचा फोटो दाखवायला त्यानं स्वतःच्या मोबाइलची गॅलरी उघडली. अंगठ्याखालून आधार, आधार, कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस, पुन्हा आधार, मागची-पुढची बाजू, एक पॅन कार्ड. पत्ते, जन्मतारखा, सगळं उघडं. ट्रॉलीचा फोटो काही सापडला नाही.

तरी समजूतदारपणा म्हणून मी मास्क्ड आधारची प्रिंट पुढे केली. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवरून ते उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. त्यानं कागद उलटून पाहिला. "यात नंबरच नाही. कंपनी रिजेक्ट करते." याबाबत सरकारचंही गमतीशीरच आहे. मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड वापरा असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत ते मागेही घेतलं. मग दुकानदार तरी कशाला ऐकेल!

मी तिथेच स्टुलावर बसून कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन लावला. संगीत, एक दाबा, दोन दाबा, पुन्हा संगीत. पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. डिलिव्हरीची गाडी दारात उभी, माझी बॅटरी तिच्यात चढवलेली, पण 'नोंदणी झाल्याशिवाय निघत नाही' म्हणे. शेवटी एक बाई लाइनवर आल्या. त्यांनी बॅटरीचा सिरियल नंबर, बिलाची तारीख आणि डीलरचा शिक्का एवढंच मागितलं. आधारचं विचारलं तर त्याच बुचकळ्यात पडल्या.

फोन स्पीकरवर टाकला. पोऱ्यानं पवित्रा बदलला. "मग अ‍ॅप घ्या, त्याच्यात होते." ते अ‍ॅप उघडताच कॉन्टॅक्ट मागतं, लोकेशन मागतं, माइकही मागतं. बॅटरीला माझ्या मावशीचा नंबर कशाला पाहिजे? सगळ्याला नकार दिला तर पुढचं पान उघडेना. एवढ्यात शेठ जेवून आले, त्यांनी ड्रॉवरमधून छापील वॉरंटी कार्ड काढलं, सिरियल नंबर लिहिला, शिक्का हाणला. संपलं! हे कार्ड पहिल्यापासून त्याच ड्रॉवरमध्ये होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर लिहूनच घ्या आणि तो बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहा. पॅन दोन लाखांच्या वरच्या खरेदीला लागतं, इन्व्हर्टरला नाही. मोबाइल नंबरचीही सक्ती करू नये, असं ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्ये दुकानांना कळवलं आहे. कुणी अडवलंच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आधारची पीडीएफ मेलवर पाठवून, 'पासवर्ड आहे ना' म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, सगळ्यांचा पासवर्ड याच पद्धतीचा. नाव आणि जन्मसाल ठाऊक असलेला कुणीही ती उघडेल.

हो, आणि लाईन गेली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक 'तुमच्याकडे आहे का?' विचारत वीजबिलाचा फोटो टाकतात. त्यावर नाव, पत्ता, बारा आकडी ग्राहक क्रमांक. नका टाकू. क्रमांक मीटरजवळच्या कपाटात आतून लिहून ठेवा आणि वीज तक्रारीचा 1912 लावा. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या मोबाइलवर फोन करा' हा मेसेज सासूबाईंना नेमका लाईन गेलेली असतानाच आला. अशा वेळी तो खराच वाटतो. फोन केला की समोरचा माणूस, आपला स्क्रीन त्याला दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावतो आणि खातं साफ करतो. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

हिशोबाचं सांगायचं राहिलं. चार पंखे, पाच एलईडी आणि राऊटर मिळून साधारण 350 वॅट. 150 एएच (अँपिअर-तास), 12 व्होल्टच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात, पण सगळे हाती लागत नाहीत. साडेतीन तास धरा. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचे, पंखे 30-35 वॅटच घेतात, त्यांनी वेळ जवळपास दुप्पट होतो. पाण्याची मोटर यावर चालत नाही, टाकी आधीच भरा. बॅटरी हवेशीर जागी ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. उन्हाळ्यात तिचं पाणी झपाट्यानं उतरतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.