गहू भरपूर, माणसं मोजकी: उत्तर कॅन्ससच्या रोडावत्या काउंट्यांमधून तीन दिवस

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात १०५ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. २०१० ते २०२० या दहा वर्षांत त्यांतल्या ८० काउंट्यांची लोकसंख्या घटली. राज्याची मात्र सुमारे ८५ हजारांनी वाढली आणि २९ लाख ३७ हजारांवर गेली. ही वाढ कुठे झाली? ८५ हजारांतले ६५ हजार एकट्या जॉन्सन काउंटीत, म्हणजे कॅन्सस सिटीला लागून असलेल्या ओव्हरलँड पार्क, ओलेथा या भागात. नोकरीनिमित्त आलेली मराठी घरंही तिथे बरीच आहेत, आणि बहुतेकांनी उरलेलं राज्य पाहिलेलं असतं ते डेन्व्हरला जाताना, आय-७० वरून गाडीच्या काचेतून. हा वृत्तांत त्या हायवेच्या उत्तरेला, नेब्रास्काच्या सीमेलगतच्या पट्ट्याचा आहे.

रस्ता असा धरा. कॅन्सस सिटीहून आय-७० ने सलाइना, तिथून यूएस ८१ ने उत्तरेला बेलव्हिल. मग यूएस ३६ ने पश्चिमेला मँकेटो, लेबनन, स्मिथ सेंटर आणि फिलिप्सबर्ग. तिथून यूएस १८३ ने दक्षिणेला स्टॉक्टन, यूएस २४ ने थोडं पश्चिमेला निकोडेमस, आणि त्याच यूएस २४ ने परत पूर्वेला ऑस्बोर्न, कॉकर सिटी, बेलॉइट करत पुन्हा यूएस ८१. सगळा फेरा साधारण ७५० मैलांचा होतो. दोन दिवसांतही उरकतो, पण मग फक्त गाडी चालवणं होतं. तीन दिवस घ्या, आणि त्यांतले निदान दोन कामाचे वार असू द्या. शनिवार-रविवार गाठून गेलं तर कोर्टहाउस, म्हणजे काउंटीची कचेरी, बंद, ग्रंथालय बंद, गावातलं एकमेव जेवणघरही बहुधा बंद. मग पाहणारा समजतो की गावच मेलंय. ही या प्रवासातली सर्वात मोठी चूक आहे.

निघण्यापूर्वी एक तास आकड्यांना द्या. ज्युएल काउंटीत १९०० साली १९,४२० माणसं होती, २०२० मध्ये २,९३२. शेजारची स्मिथ काउंटी १६,३८४ वरून ३,५७० वर आली. म्हणजे ही घट काल-परवाची नाही, सव्वाशे वर्षं चालू आहे आणि लोकसंख्येचं शिखर मोटारगाडी यायच्या आधीच होऊन गेलं. ज्युएलमध्ये आज चौरस मैलाला तीन माणसं पडतात. चौरस मैलाला सहाच्या खाली आकडा गेला की कॅन्ससचं आरोग्य खातं त्या काउंटीला ‘फ्रंटियर’, म्हणजे वस्तीची सरहद्द, म्हणतं. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेने सरहद्द संपल्याचं जाहीर केलं होतं, तोच शब्द आता उलट्या दिशेने परत आला आहे.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, २०२० च्या जनगणनेत व्यक्तींची ओळख झाकण्यासाठी आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी सरमिसळ केली आहे. पूर्ण राज्याची बेरीज तंतोतंत असते, पण काउंटीच्या आणि गावाच्या आकड्यात फरक असू शकतो. काउंटीला दोन-चार माणसांनी काही बिघडत नाही. वीस-पंचवीस वस्तीच्या गावाची ‘तीस टक्के घट’ मात्र निव्वळ या सरमिसळीतून निघू शकते, म्हणून एवढ्या लहान गावांची टक्केवारी काढूच नका. दुसरं, तुरुंग. फिलिप्सबर्गच्या पश्चिमेला नॉर्टन काउंटीत राज्याचा तुरुंग आहे आणि तिथले कैदी त्या काउंटीच्या लोकसंख्येत धरले जातात. तक्त्यात सामूहिक निवासाची (तुरुंगासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांची) ओळ वेगळी असते, ती वजा करून पाहा.

आता कारण. ते पुस्तकात वाचण्यापेक्षा यूएस ३६ वर चांगलं दिसतं. बेलव्हिल सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक इंचही जमीन पडीक दिसत नाही. गहू, ज्वारी, मका, सोयाबीन, मधूनमधून गुरांची कुरणं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर दिले, आणि घोड्यांवर शेती करणाऱ्याला तेवढे पुरतही होते. इथे दर मैलाला एक रस्ता सरळ आडवा आणि एक सरळ उभा जातो. दोन-दोन रस्त्यांमधला चौकोन ६४० एकरांचा, म्हणजे मूळ हिशेबाने चार कुटुंबांचा. गाडी चालवताना हे चौकोन मोजत चला. पाच-सहा चौकोनांत एखादं नांदतं घर लागतं. बाकी ठिकाणी झाडांची एक रांग, पवनचक्कीचा गंजलेला सांगाडा आणि अंगण असावं अशी सपाट जागा. जमीन त्याच कामात आहे, पण एक घर आता हजारो एकर करतं, कारण कंबाइनला, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्राला, तेवढंच मनुष्यबळ लागतं. शेती बुडाली म्हणून माणसं गेली नाहीत, शेती कमी हातांत होऊ लागली म्हणून गेली. हे ध्यानात आलं की ‘गाव परत वसवू’ छापाच्या योजनांकडे बघायची नजर बदलते.

अशी एक योजना राज्यानेच २०११ मध्ये सुरू केली, रूरल ऑपॉर्च्युनिटी झोन. परराज्यातून ठरावीक काउंट्यांमध्ये राहायला येणाऱ्याला पाच वर्षं राज्याचा आयकर माफ, आणि शिक्षणकर्ज असेल तर पाच वर्षांत मिळून १५ हजार डॉलरपर्यंत फेड, अशी तिची आखणी. कर्जफेडीत काउंटीला किंवा एखाद्या मालकाला वाटा उचलावा लागतो, त्यामुळे पैसा नसलेल्या काउंटीत ती नुसती कागदावर राहते. आम्हाला यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात त्या शाळा आणि दवाखाना. इथली छोटी रुग्णालयं जास्तीत जास्त २५ खाटांच्या ‘क्रिटिकल अॅक्सेस’ वर्गात येतात आणि त्यांना मेडिकेअरकडून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याकडून, खर्चावर आधारित पैसे मिळतात. ती सोय नसती तर यांतली बरीच केव्हाच बंद झाली असती.

शाळेसाठी मँकेटोला थांबा. व्हाइट रॉक आणि मँकेटो हे दोन शालेय जिल्हे २००६ मध्ये एकत्र होऊन रॉक हिल्स झाला. शाळा गेलेलं गाव ओळखायची सोपी खूण म्हणजे व्यायामशाळेची भक्कम इमारत उभी आणि तिच्या दारावर दुसऱ्याच कामाची पाटी. चालू शाळा किती मोठी आहे ते फुटबॉलच्या मैदानावरून कळतं. अकरा जणांच्या संघाचं मैदान १०० यार्ड लांब असतं, आठ जणांच्या संघाचं ८० यार्ड. गोलपोस्टजवळ नीट पाहिलंत तर काही ठिकाणी जुन्या, लांब मैदानाच्या खुणा गवतात अजून सापडतात. शुक्रवारी रात्री सामना असेल तर तिकीट काढून बसा. सगळी काउंटी एका जागी दिसायची ती एकच वेळ.

लेबननच्या वायव्येला अडीच मैलांवर, यूएस २८१ वरून फुटणाऱ्या के-१९१ या छोट्या रस्त्याच्या टोकाला, अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य दाखवणारा दगडी खांब आहे. खरा बिंदू जवळच्या खासगी शेतात पडतो, म्हणून खांब थोडा बाजूला बांधला. शेतात शिरू नका. पंधरा मिनिटं पुरतात. लेबननच्या मुख्य रस्त्याला मात्र तास द्या. गावात उरलेली माणसं दोनशेच्या आत आहेत आणि दुकानांची रांग हजाराच्या गावाला शोभेल अशी.

निकोडेमस हा या फेऱ्याचा गाभा. १८७७ मध्ये केंटकीतून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं हे गाव. झाडं नाहीत, लाकूड नाही, म्हणून पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या घरांत काढला. १८८८ मध्ये रेल्वे नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानं उचलून रुळांकडे गेली. इथे घसरणीचं कारण एका तारखेला बोट ठेवून दाखवता येतं, असं दुसरीकडे क्वचितच जमतं. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. टाउनशिप हॉल, दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा या पाच वास्तू पाहायच्या. सगळ्या रोज आतून उघड्या नसतात, म्हणून राष्ट्रीय पार्क सेवेच्या संकेतस्थळावर वेळ पाहूनच निघा. कायमची वस्ती वीसच्याही आत, पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभर पांगलेले वंशज इथे परततात. गणपतीला चाकरमान्यांनी भरलेलं कोकणातलं घर ज्याने पाहिलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्याही २००१ ते २०११ मध्ये घटलीच होती.

परतीच्या वाटेवर ऑस्बोर्नपासून पुढे कुंपणाचे खांब बघा. ते दगडाचे आहेत. जमिनीखाली जेमतेम नऊ-दहा इंच जाडीचा चुनखडीचा थर लागतो. त्यात ओळीने भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, की पाच-सहा फुटांचा खांब सरळ चिरून निघतो. एकेक खांब दीड-दोनशे किलोंचा. माणसं गेली, तारा बदलल्या, खांब आहेत तिथेच आहेत.

व्यवहाराचं थोडं. काउंटीच्या मुख्य गावाखेरीज पेट्रोल मिळेल असं धरू नका, टाकी अर्धी झाली की भरा. सहकारी संस्थेचे कार्डावर चालणारे पंप रात्रीही चालू असतात, पण काहींना पिन लागतो, म्हणून डेबिट कार्ड जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर सलाइनालाच खाण्याचं सामान घ्या, पुढे सॅलड आणि बटाट्यावर दिवस काढावा लागतो. नकाशा फोनवर आधी उतरवून ठेवा, मुख्य रस्ता सोडला की सिग्नल जातो. खडीच्या रस्त्यावर ताशी ३५ मैलांच्या वर जाऊ नका, सैल खडीवर ब्रेक दाबला की गाडीची शेपूट फिरते. ‘मिनिमम मेंटेनन्स’ पाटी असलेला मातीचा रस्ता पावसानंतर टाळाच. चिखल चाकाच्या खोबणीत भरून चाक फिरेनासं होतं आणि ओढून काढणारा ट्रॅक्टर कधी येईल सांगता येत नाही. अनेक चौकांत पाटीच नसते, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मका उभा असला की तो दिसतही नाही, तेव्हा वेग कमी करा. संध्याकाळी हरणं आडवी येतात.

समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो, तुम्हीही उचला. कोर्टहाउसमध्ये जमिनीचे नकाशे पाहायला मिळतात, नोंदणीच्या खिडकीवर नम्रपणे विचारा. ‘तुमचं गाव मरतंय का’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. ‘तुमच्या वर्गात किती मुलं होती, आणि आता किती आहेत’ असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं, आणि अनेकदा त्यामागोमाग कॉफीही.

जायचा उत्तम काळ जूनचा शेवट. गव्हाची कापणी चालू असते, धान्य साठवायच्या एलिव्हेटरसमोर ट्रकांची रांग लागते आणि मोटेल भरलेली असतात, तेव्हा खोली आठवडाभर आधी धरून ठेवा.