जिथे अडलं, तिथे ‘टेक’

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी टीव्ही मालिकेचे लेखक यंत्राच्या तपशिलापाशी आले की संवादात नुसतं ‘टेक’ लिहून पुढे जायचे. म्हणजे साधारण असं: ‘कॅप्टन, टेक बंद पडलंय!’ ‘मग टेक फिरवून बघ!’ नंतर विज्ञान सल्लागार त्या जागी भारदस्त शब्द भरायचे. युक्ती झकास, पण तिच्यात एक खोट आहे. त्या जागी कुठलाही शब्द चालत असेल, तर पेच शब्दानेच सुटतो. पात्राला काहीच मोजावं लागत नाही.

हे पुढे जाहीरपणे सांगणारे रोनाल्ड डी. मूर याच मालिकेत तयार झाले. सेट बघायला गेले असताना त्यांनी आपली पटकथा तिथल्या एका माणसाच्या हाती दिली. पुढे लेखन विभागाची सूत्रं मायकेल पिलर यांच्याकडे आली आणि गठ्ठ्यातून ती बाहेर निघाली. 1989 मध्ये तिचा ‘द बाँडिंग’ हा भाग झाला. मोहिमेवर आई मरते, मुलगा मागे राहतो. मूळ मसुद्यात तो होलोडेकवर, म्हणजे हुबेहूब आभासी जग उभं करणाऱ्या यानातल्या खोलीत, आईची प्रतिमा उभी करतो. निर्माते जीन रॉडेनबेरी अडून बसले: 24व्या शतकातलं मूल मृत्यू शांतपणे स्वीकारेल! झालं, कथाच कोसळली. पिलरनी मग ती आडकाठीच कथेत घातली. मुलगा रडत नाही, आणि तेच सगळ्यांना खुपायला लागतं. होलोडेकच्या जागी आईचं रूप घेणारी परकी शक्ती आली.

या मालिकेच्या भागाची बांधणी ठरलेली: सुरुवातीचा टीझर (शीर्षकाआधीचा छोटा प्रसंग) आणि पाच अंक. दर अंक जाहिरातीपाशी थांबतो, तेव्हा प्रेक्षक खुर्चीतून उठता कामा नये. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. नवखे लेखक इथेच फसतात. टीझरची मोजकी पानं यंत्र समजावण्यात जातात आणि अंक संपतो तो स्फोटावर. स्फोटानंतर कुणाला काय ठरवायचंय, ते पानावर नसतंच.

‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ ही जुनी अंतराळ-मालिका नव्याने करताना मूरनी ‘टेक’ची भानगड जवळपास काढूनच टाकली. ‘33’ हा भाग बघा (विज्ञानकथांसाठीचा 2005चा ह्यूगो पुरस्कार यालाच). दर 33 मिनिटांनी शत्रू गाठतो, यानांच्या ताफ्याला अवकाशात दूरवर उडी मारून निसटावं लागतं, पाच दिवस कुणाला झोप नाही. 33च का? भागात उत्तर नाही. पायलटांनी जागं राहायच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, यावरून झालेली बाचाबाची मात्र आहे.