चिऱ्याची भिंत भूकंपात काय करते

आरसीसी इमारतीत कॉलम आणि बीम यांचा हिशेब काटेकोरपणे होतो. मधल्या भिंतींचे मात्र बहुतेक वेळा नुसते वजन धरले जाते. प्रत्यक्षात जमीन आडवी हलू लागली की कॉलम-बीमची चौकट एका बाजूला कलू पाहते, तिचा एक कर्ण आखडतो, आणि त्या कर्णाच्या दोन टोकांशी दाबली गेलेली भिंत तिरक्या टेकूसारखी चौकटीला धरून ठेवते. उरलेल्या दोन कोपऱ्यांत ती चौकटीपासून सुटते. पुढच्याच हेलकाव्याला टेकूची दिशा उलटते, म्हणून भूकंपानंतर भिंतींवर फुलीच्या आकाराच्या भेगा दिसतात. आयएस 1893 या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत हा तिरका टेकू गणितात धरण्याची रीत दिलेली आहे.

आपल्या कोकणातला जांभा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, जड असतो आणि भूकंपाचे बल वजनाच्या प्रमाणात वाढते, ही त्याची पहिली अडचण. दुसरी अडचण बांधकामावर जाऊन पाहावी. बीमखालच्या शेवटच्या थरात अखंड चिरा बसत नाही, तिथे गवंडी तुकडे आणि मसाला कोंबतो. मसाला सुकून आकसला की पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट राहते आणि गिलाव्याखाली ती झाकली जाते. वरून सुटी असलेली अशी भिंत तिच्या पातळीला काटकोनात धक्का बसला तर अख्खी बाहेर पडू शकते, मग टेकूचा प्रश्नच उरत नाही.

अर्ध्या उंचीची भिंत तर कॉलमच्याच मुळावर येते. वर खिडक्यांची सलग पट्टी सोडली की कॉलमची मोकळी उंची निम्मी होते, त्याचा ताठपणा सुमारे आठपट वाढतो आणि तो जास्त बल ओढून घेऊन कातरला जातो. शाळांच्या इमारतींत ही रचना सर्रास दिसते.

चिपळुणात जुलै 2021 च्या महापुरानंतर तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवणे शहाणपणाचे वाटते, आणि पुरापुरते ते आहेच. पण वरच्या मजल्यांवर भिंती आणि खाली नुसते कॉलम असले की सगळे डोलणे त्या एकाच मजल्यात साठते. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या. 11 डिसेंबर 1967 ला हादरलेले कोयनानगर तर चिपळूणहून घाट चढले की आलेच.

माझ्या मते तळमजला मोकळा ठेवायचाच असेल, तर जिना आणि लिफ्टभोवती दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती पायापासून वरपर्यंत न्याव्यात. पुराच्या प्रवाहाला समांतर असलेली भिंत पाणी फारसे अडवत नाही. प्रवाहाला आडव्या येणाऱ्या भिंतीची जागा मात्र नकाशा काढतानाच ठरवावी लागते, कारण ती एका कडेला गेली तर इमारत भूकंपात पिळवटते.