‘अजून नाही!’ म्हणणाऱ्या सरांचा मेळावा

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की शाल, श्रीफळ आणि लांबत जाणारी भाषणं. जपानी लेखक उचिदा ह्याक्केन यांच्या विद्यार्थ्यांची रीत निराळी होती. होसेई विद्यापीठात जर्मन शिकवलेल्या या सरांचा जन्म २९ मे १८८९ चा. त्यांची साठी झाल्यावर, १९५० पासून, वाढदिवसाच्या निमित्ताने मुलं दरवर्षी जमू लागली. मेळाव्याचं नाव ‘मादाकाई’.

नावातच खोडी आहे. लपाछपीत जपानी पोर ‘मो ई काई?’ म्हणजे ‘झालं का?’ असं विचारतं आणि लपणारं ‘मादा दा यो’, ‘अजून नाही’, असं ओरडतं. ‘काई’ म्हणजे प्रश्नही (आपल्या ‘काय’चा भाऊच जणू) आणि मंडळही. म्हणजे मुलं सरांना विचारत, ‘अजून या जगातून निघाला नाहीत?’ आपल्याकडे सत्कारमूर्तीला असं विचारलं तर संयोजकांची खैर नाही!

दिग्दर्शक आकिरा कुरोसावांनी १९९३ च्या आपल्या शेवटच्या चित्रपटात हे मेळावे उभे केले. सरांनी बिअरचा भला मोठा पेला एका दमात रिकामा करायचा, मुलांच्या सवालाला ‘मादा दा यो!’ असं ठणकावायचं. एक विद्यार्थी रेल्वे स्थानकांची नावं ओळीने म्हणत सुटतो. बाकीचे खातात, गातात, पण त्याला कुणी थांबवत नाही. आमच्या मते मेळाव्याचं खरं मर्म तिथंच आहे. सतराव्या मेळाव्यात विद्यार्थ्यांची नातवंडं येतात. सर त्यांना सांगतात, मनापासून आवडेल असं काहीतरी शोधा आणि सापडलं की त्यासाठी राबा.

राबायचं कसं, हे कुरोसावांनी होतकरू दिग्दर्शकांना हिशेबात सांगितलं होतं. रोज पटकथेचं एकच पान लिहा, वर्षात ३६५ होतात. पोरं अर्ध्यावर सोडतात, कारण नजर शेवटाकडे असते. डोंगर चढताना शिखराकडे नाही, पायाखालच्या जमिनीकडे बघायचं. १९९० मध्ये, ऐंशीव्या वर्षी मानद ऑस्कर घेताना, सिनेमाचं सार मला अजून उमगलेलं नाही, असं ते म्हणाले. त्यांचंही ‘मादा दा यो’च.

चित्रपटातल्या सतराव्या मेळाव्यात मात्र पेल्यानंतर सरांची तब्येत बिघडते आणि त्यांना घरी नेतात. रात्री त्यांना स्वप्न पडतं. एक लहान मुलगा लपायला जागा शोधतोय, मागून सवंगडी विचारतायत, तो ‘अजून नाही’ म्हणतोय. मग तो मान वळवून रंगलेल्या आभाळाकडे बघत राहतो.