मर्फीतला फोर्ट बटलर

आज अटलांटाहून नॉर्थ कॅरोलिनातल्या मर्फी गावी जाऊन आलो. हायवासी नदीजवळच्या टेकडीवर फोर्ट बटलर होता. आता तिथे घरं आणि एक छोटं स्मारक. जुनं काही दिसत नाही. दिसणार तरी कसं? तात्पुरता लष्करी तळ तो! १८३८ च्या उन्हाळ्यात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या कुटुंबांना बंदुकीच्या धाकावर घरांतून काढायचं, इथे आणायचं आणि टेनेसीतल्या फोर्ट कास या छावणीकडे हाकलायचं. एकट्या इथून ३,००० हून जास्त माणसं गेली.

मला खरी चीड आली ती कागदोपत्री कारभाराची. चेरोकींनी आपली जमीन सोडून पश्चिमेला जायचं, असा १८३५ चा न्यू इकोटा करार त्यांच्यातल्या मूठभरांनी केला, चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांची त्यावर सहीच नाही. हजारोंनी विरोधात अर्ज केले, तरी सेनेटनं तो लागणाऱ्या मतांपेक्षा एकच मत जास्त मिळवून मंजूर केला. स्वतःची लिपी, वर्तमानपत्र, लेखी राज्यघटना असलेले लोक हे! छावण्यांत आणि वाटेत मिळून सुमारे ४,००० दगावले असं मानतात.

काही जण डोंगरांत लपून राहिले. त्यांचे वंशज आजही याच राज्यात आहेत. पुढच्या खेपेला त्यांचं चेरोकी गावातलं संग्रहालय बघायचंय. कुणी येतंय का? गाडीत जागा आहे.