करार मोडलेला गोलकीपर डायरेक्टर होतो तेव्हा

मॉर्गन दे सांक्तिस म्हटलं की नापोली आणि रोमा या इटालियन फुटबॉल क्लबांचा गोलकीपर आठवतो. पुढे तो २०२२ मध्ये सालेर्निताना आणि २०२४ मध्ये पालेर्मो या इटालियन क्लबांचा स्पोर्टिंग डायरेक्टर झाला. खेळाडूंना कराराने बांधून ठेवणं हे ज्याचं काम, त्याने स्वतः २००७ मध्ये उदिनेझे या इटालियन क्लबशी असलेला करार तीन वर्षं शिल्लक असताना मोडला होता.

आधार होता फिफाच्या ट्रान्सफर नियमांतलं कलम १७. वयाच्या २८ वर्षांआधी सही केली असेल तर करारातली पहिली तीन वर्षं संरक्षित, नंतर केली असेल तर दोनच. या काळात करार मोडला तर खेळण्यावर बंदी येते. काळ उलटल्यावर मोडला तर बंदी नाही, फक्त भरपाई. मात्र हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांत क्लबला नोटीस मिळायला हवी. ती मुदत हुकली की शिस्तभंग. दे सांक्तिस तेव्हा तिशीचा होता आणि त्याचा संरक्षित काळ संपला होता. बंदी टळली आणि तो सेव्हिया या स्पॅनिश क्लबला गेला.

खरी मेख भरपाईत. असाच करार मोडणाऱ्या स्कॉटिश फुटबॉलपटू अँडी वेबस्टरच्या प्रकरणात लोझानच्या क्रीडा लवादाने २००८ मध्ये उरलेल्या पगाराएवढीच रक्कम ठरवली, म्हणजे दीड लाख पौंड. अनेकांना वाटलं, आता रान मोकळं. पण २००९ मध्ये ब्राझिलियन फुटबॉलपटू मातुझालेमवर सुमारे १ कोटी १९ लाख युरोंचा बोजा पडला. दे सांक्तिसचा आकडा या दोन टोकांच्या मधला. फिफाने ३९ लाख युरोंच्या वर सांगितले, लवादाने २०११ मध्ये ते साडेबावीस लाखांवर आणले. लवादाचा हिशेब असा: त्याच्या जागी आणलेल्या हंदानोविच आणि किमेंती या गोलकीपरांवरचा खर्च, वजा दे सांक्तिसचा वाचलेला पगार, अधिक खेळाचं वेगळेपण (खेळ साध्या नोकरीसारखा नाही, हा विचार) म्हणून त्याचा सहा महिन्यांचा पगार. मला ही पद्धत वेबस्टरच्या निकालापेक्षा प्रामाणिक वाटते. गोलकीपर गेला की क्लबला दुसरा उभा करावाच लागतो, तिथे राखीव खेळाडूंवर भागत नाही.

नव्या क्लबला हे फारसं परवडत नसे, कारण २०२४ पर्यंत भरपाईची जबाबदारी खेळाडू आणि नवा क्लब अशी दोघांची मिळून असायची. सेव्हियात पहिल्या पसंतीचा गोलकीपर पालोप होता. वर्षभरात दे सांक्तिस तुर्कस्तानच्या गलातासराय क्लबला उसना गेला आणि २००९ मध्ये इटलीत परतून नापोलीकडे गेला.

फ्रेंच फुटबॉलपटू लसाना दियाराच्या खटल्यात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने या नियमांतल्या काही तरतुदी युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवल्या. त्यानंतर फिफाने भरपाईचे निकष बदलले, त्यामुळे जुने आकडे आता जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण डायरेक्टरच्या हातातला जुना उपाय बदललेला नाही: संरक्षित काळ संपायच्या आधी मुदत वाढवून करार नवा करायचा. मुदत वाढली की तो काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. फक्त पगार वाढवला आणि मुदत तीच ठेवली, तर मोजणी नव्याने सुरू होत नाही.